आदच्या सांगाड्याची खबर

वाळवंटात उघडा पडलेला अवाढव्य सांगाडा आणि त्याच्या कवटीजवळ बाहुलीएवढा दिसणारा माणूस. हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेले आहे. सोबतचा मजकूर असा : सऊदी अरबच्या रुब-अल-खालीत वायूचा शोध घेताना कौमे आदच्या माणसाचा सांगाडा सापडला, लष्कराने परिसर बंद केला, सरकारने खबर दाबली. नेक नियतीने आपण ते पुढे पाठवतो.

हकीकत वेगळी आहे. मूळ छायाचित्र सन २००० मधले, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातले. तिथे मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या प्राचीन प्राण्याचे अवशेष खणून काढले जात होते. २००२ मध्ये एका कॅनेडियन चित्रकाराने संगणकावरील चित्रबदलाच्या स्पर्धेसाठी त्यात मानवी सांगाडा बसवला. २००४ पासून ते 'आद' म्हणून फिरू लागले. भारतात तोच सांगाडा घटोत्कचाचा ठरला! चित्र एक, दावेदार दोन.

मग लोक विश्वास का ठेवतात? कारण संशयाला जागा असते. तामिळनाडूतील कीळडीचेच पाहा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे २०१४-१५ मध्ये उत्खनन सुरू केले. २०१७ मध्ये प्रमुख अधिकारी अमरनाथ रामकृष्ण यांची आसामला बदली झाली. त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये ९८२ पानी अहवाल दिला. मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाने त्यात दुरुस्त्या सुचवल्या. कालनिश्चिती पुराव्यांवर आधारलेली आहे, असे सांगून त्यांनी नकार दिला. सर्वेक्षण याला नेहमीची पद्धत म्हणते. अनेकांना त्यात दडपण दिसते.

पण फरक लक्षात घ्या. कीळडीला गाव आहे, खड्डे आहेत, अक्षरे कोरलेली खापरे आहेत. राज्य सरकारने पुढे उत्खनन केले आणि २०२३ मध्ये संग्रहालय उघडले. कुणीही जाऊन पाहावे, जाब विचारावा. सांगाड्याच्या गोष्टीत दाखवण्यासारखे काहीच नाही, आणि 'दाबले आहे' हाच पुरावा मानला जातो. अशा दाव्याला कधी खोटे पाडताच येत नाही.

यात आपले नुकसान मोठे आहे. मुलाच्या मनात आदची गोष्ट या चित्रावर उभी केली, तर उद्या कॉलेजात चित्र बनावट निघाल्यावर तो आणखी कशाकशावर शंका घेईल? हजरत हूद अलैहिस्सलाम यांच्या कौमेचा किस्सा कुरआनात ताकदीचा गर्व करणाऱ्यांना इशारा म्हणून आला आहे. त्याला फोटोची गरज नाही. आणि खबर आली की आधी खातरजमा करा, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहेच.

म्हणून घरात मुलांना चार प्रश्न शिकवूया : कुणी शोधले? कुठे? अहवाल कोणता? वस्तू आज कुठे आहे? हेच प्रश्न सरकारलाही विचारूया. खोटी खबर पुढे पाठवणाऱ्याच्या खऱ्या तक्रारीकडेही मग कुणी लक्ष देत नाही.