माळ्यावरची हार्ड डिस्क
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना संगणक खाली येतो आणि थेट भंगारात जातो. पण त्याच्या हार्ड डिस्कमध्ये आजोबांच्या आठवणी किंवा आईच्या कविता असू शकतात.

१९९०च्या दशकातील बहुतेक घरगुती संगणकांत ४० पिनांच्या चपट्या केबलची ‘आयडीई’ डिस्क असे. यूएसबी अडॅप्टरने ती आजच्या संगणकालाही जोडता येते. जम्पर ‘मास्टर’वर ठेवावा, केबलची लाल कडा पहिल्या पिनेकडे असावी आणि डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा. पडद्यावर ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न आल्यास ‘नाही’ म्हणावे. एका ‘हो’ने सारे हातचे जाऊ शकते. डिस्क खटखट वाजू लागली, तर लगेच बंद करून जाणकाराला दाखवावी. चालत असेल, तर सर्वांत आधी सगळ्या फाइल्स उतरवून घ्याव्यात.

फाइलमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसली, तरी घाबरू नये. ‘श्रीलिपी’सारख्या जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरांची मांडणी वेगळी होती. मूळ फॉन्ट बसवला की मजकूर वाचता येतो. मग तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. डॉसवरचे अनेक प्रोग्रॅम ‘डॉसबॉक्स’मध्ये चालतात.

डिस्क कधीतरी बंद पडणारच. त्यातले शब्द मात्र घरात राहतील.