रुग्णाच्या हाती दिलेला प्रकाश

दोन माणसे समोरासमोर बसतात. प्रार्थना होते आणि मग एकजण आपला तळहात उंचावून समोरच्याच्या दिशेने धरतो. तो अंगाला हात लावत नाही आणि कोणते औषधही देत नाही. ईश्वरी प्रकाश आपल्या हातातून वाहून समोरच्याचा आत्मा शुद्ध करतो, आणि आत्मा शुद्ध झाला की शरीरही सावरते, अशी त्याची श्रद्धा असते. या विधीला 'जोरेई' म्हणतात आणि तो 'सेकाई क्युसेई क्यो' या जपानी पंथाचा गाभा आहे. मोकिची ओकादा यांनी 1935 मध्ये या पंथाचा पाया घातला. आज तो ब्राझील आणि थायलंडपर्यंत पोहोचला आहे. अशा पंथाबद्दल बोलताना आपण सहसा दोनच प्रश्न विचारतो: यात काही तथ्य आहे का, आणि नसेल तर लोक फसतात कसे? पण या दोन्ही प्रश्नांतून त्याच्या प्रसाराचा उलगडा होत नाही. माझ्या मते जोरेईचे खरे बळ एका वाटपात आहे. बरे करण्याचा अधिकार एखाद्या सिद्धपुरुषाकडे न ठेवता तो थेट रुग्णाच्याच हाती देण्यात आला. आणि या पंथातला धोकाही तिथूनच सुरू होतो.

ओकादा यांचा जन्म 1882 साली तोक्योच्या आसाकुसा भागात झाला. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांचे कलाशिक्षण सुटले. पुढे फुप्फुसांच्या दुखण्याने आणि क्षयाने त्यांना ग्रासले. या आजारांतून ते वाचले, दागिन्यांच्या व्यापारात त्यांचा जमही बसला. मग 1919 मध्ये पत्नी गेली, धंदा कर्जात बुडाला आणि उरलेसुरले 1923 च्या कांतो भूकंपाने नेले. मधल्या काळात, 1920 च्या सुमारास, ते 'ओमोतो' या पंथात आले होते. प्रार्थनेने रोग बरे करण्याची प्रथा तिथे आधीपासून होती. त्या काळाचा जपान डोळ्यांसमोर आणला तर हे विशेष वाटत नाही. 1935 पासून 1950 पर्यंत क्षय हे तिथल्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते, आणि स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत डॉक्टरांकडेही त्यावर खात्रीचे औषध नव्हते. सर्वांना आरोग्य विम्याचे कवच तर थेट 1961 मध्ये मिळाले. डॉक्टरांकडून निराश होऊन परतलेल्या माणसाने दुसरे दार ठोठावले, याला भोळेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मिकाओ उसुई यांची रेकी, जी पुढे महाराष्ट्रातही परिचित झाली, ती 1922 मधली, म्हणजे याच वातावरणातली आहे.

जोरेईचे आजचे स्पर्शरहित रूप मात्र एकट्या दैवी साक्षात्कारातून आलेले नाही. त्याला सरकारी धाकाचीही पार्श्वभूमी आहे. 1934 मध्ये ओकादा यांनी तोक्योत उपचारकेंद्र उघडले तेव्हा त्यांची पद्धत बोटांनी दाब देण्याची होती. 1935 च्या डिसेंबरात सरकारने ओमोतोवर घाला घातला, त्याच्या नेत्यांना तुरुंगात टाकले आणि नंतर त्याची मंदिरे सुरुंग लावून उडवली. ओकादा त्याआधीच ओमोतोतून बाहेर पडले होते, तरी पोलिसांची नजर त्यांच्यावरही होती. धर्म सांगायचा की उपचार करायचे, यांपैकी एकच निवडा, अशी त्यांची कोंडी झाली. त्यांनी धर्मसंघटना विसर्जित केली आणि उपचार चालू ठेवले, पण त्यांवरही बंदी आली. युद्धानंतर धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि 1947 मध्ये संघटना धर्म म्हणून पुन्हा उभी राहिली. दाब देणारी बोटे मागे पडली, उंचावलेला तळहात राहिला. तो आता पूजाविधी होता. उपचार म्हणून त्याला कुणाचा परवाना लागत नव्हता.

याच बदलामुळे वाटप सोपे झाले. दाब देण्याचे कसब शिकावे लागते, तळहात कुणीही उंचावू शकतो. थोडे शिक्षण घेतले की सदस्याला 'ओहिकारी' मिळते. हा गळ्यात घालायचा लहानसा ताईत असतो आणि त्यातल्या कागदावर प्रकाश या अर्थाचे अक्षर लिहिलेले असते. तो घातला की गृहिणी, दुकानदार, पेन्शनर, कुणीही जोरेई देऊ शकतो. पूर्वी या पंथात असलेल्या योशिकाझू ओकादा (मोकिचींशी नाते नाही) यांनी 1959 मध्ये 'माहिकारी'ची परंपरा सुरू केली, तिथेही तीन दिवसांच्या वर्गानंतर साधकाला पदक आणि प्रकाश देण्याचा अधिकार मिळतो. दीर्घ आजाराने माणसाला सर्वांत जास्त काय खुपत असेल, तर आपण कुणाच्या उपयोगाचे राहिलो नाही ही भावना. जोरेईत कालचा रुग्ण आज शेजाऱ्याला काही देणारा होतो. कुणीतरी पंधरा मिनिटे केवळ आपल्यासाठी स्वस्थ बसते, हेही त्याला मिळते. ब्राझीलमध्ये 1955 पासून पंथ पसरला, तिथले बहुसंख्य अनुयायी जपानी वंशाचे नाहीत. मृतात्म्यांशी संवाद मानणाऱ्या तिथल्या स्पिरिटिस्ट परंपरेत 'पासे' नावाचा हात फिरवून शुद्धी करण्याचा विधी आधीच रुजला होता, त्यामुळे उंचावलेला तळहात तिथे कुणाला परका वाटला नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: लोकांना खरोखर बरे वाटते, त्याचे काय? बरे वाटते यात शंका नाही. बरीच दुखणी काळाने ओसरतात, आणि आस्था व अपेक्षा वेदना हलक्या करतात हे वैद्यकशास्त्रही मानते. पण हातातून ऊर्जा वाहते, हा दावा वेगळा आहे. जोरेईशी साम्य असलेल्या 'थेरप्युटिक टच' या अमेरिकी पद्धतीची एक चाचणी 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पडद्याआड हात ठेवलेल्या 21 उपचारकांना, प्रयोग करणाऱ्या मुलीचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, हे ओळखायचे होते. 280 वेळांपैकी 44 टक्के वेळाच उत्तर बरोबर आले. नाणेफेकीनेही याहून चांगला निकाल लागला असता. जोरेईचे अनुयायी म्हणतील, आमचा प्रकाश ईश्वराचा आहे, तो मोजता येत नाही. ठीक आहे. पण मग शरीराच्या रोगावर तो चालतो हा दावा कशाच्या आधारावर टिकतो, हे त्यांनाच सांगावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कुणाचे नुकसान होत नसेल तर बिघडते कुठे? ओकादा यांच्या शिकवणीत औषध हेच विष आहे. ताप, पुरळ, खोकला ही शरीराने विष बाहेर टाकण्याची क्रिया. याच तर्कातून त्यांनी खतेही नाकारली आणि नैसर्गिक शेतीचा आग्रह धरला. शेतात त्या तर्काची कसोटी पिकावर लागते. पीक आले नाही तर शेतकरी पद्धत बदलतो. रोगाबाबत ती कसोटीच उरत नाही. बरे वाटले तर प्रकाशाने गुण दिला, वाढले तर शुद्धीकरण चालू आहे. त्यात उपचार देणारा हात आईचा किंवा बापाचाच असेल, तर थांबवणारे बाहेरचे माणूस घरात उरत नाही. जपानमध्ये फुकुओका शहरात 2009 मध्ये सात महिन्यांचे बाळ त्वचारोगावर उपचार न झाल्याने दगावले. जोरेईवर श्रद्धा ठेवणाऱ्या त्याच्या पालकांना पुढील जानेवारीत अटक झाली. ते एका वेगळ्या संघटनेचे होते, म्हणून दोष सर्वांवर टाकणे चूक ठरेल. पण त्या मृत्यूमागचा तर्क ओकादांच्या मूळ शिकवणीत आहे, हे नाकारता येत नाही.

ओकादांच्या 1955 मधील निधनानंतर पंथाच्या अनेक शाखा झाल्या. अतामीचे एमओए कलासंग्रहालय आणि वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी उभारलेले शिगाचे मिहो संग्रहालय ही त्यांच्याच परंपरेतली नावे. ओगाता कोरिनचे लाल-पांढऱ्या आलुबुखार फुलांचे प्रख्यात पडदे अतामीला आहेत, आणि पंथाचे टीकाकारही त्या संग्रहाचे मोल मान्य करतात. अतामीचे संग्रहालय ज्या शाखेचे, ती एमओए आता हा विधी डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीने देते, त्यांच्या जागी नव्हे. हा बदल छोटा वाटला तरी यात संस्थापकाच्या मुख्य विधानाला मुरड घातलेली आहे. तळहात, प्रार्थना आणि शेजाऱ्याची सोबत तशीच राहिली. गेले ते फक्त औषधाविषयीचे भय. ज्या शाखांनी ही मुरड घातलेली नाही, त्यांच्याकडे येणाऱ्या पालकांना हा फरक कुणीतरी दारातच सांगायला हवा, मूल आजारी पडण्याच्या आधी.