परंड्याची तोफ आणि दुकानातले घमेले

परंड्यात माझे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. इतिहासाचा नाद पस्तिशीनंतर लागला, तोही रद्दीत आलेल्या एका जुन्या गॅझेटियरच्या फाटक्या प्रतीमुळे. त्यानंतर इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन जे जमले ते वाचले. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे वाचकांनी माझ्याकडून विद्यापीठी शिस्तीची अपेक्षा ठेवू नये.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेची सहल परंड्याचा किल्ला पाहायला आली होती. शिक्षकांनी मला चार शब्द सांगायला बोलावले. बुरुजावरची तोफ दाखवून मी बोलत होतो, तेवढ्यात सातवी-आठवीतल्या एका पोराने विचारले, "काका, ही तोफ आपली का त्यांची?" मी विचारले, "त्यांची म्हणजे कुणाची?" तो गोंधळला, मित्राकडे बघून हसला आणि गप्प बसला. उत्तर मलाही देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

परंड्याची सर्वांत मोठी तोफ आज परंड्यात नाही. ती विजापूरला आहे. मराठीत घणाघाती वक्त्याला आपण 'मुलुखमैदान तोफ' म्हणतो, ती हीच. फार्सी नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणमैदानाचा राजा. लांबी चौदा फुटांच्या वर, तोंडाचा व्यास अठ्ठावीस इंच, वजन सुमारे ५५ टन. तोंड सिंहाचे असून त्याच्या जबड्यात हत्ती चिरडलेला दाखवला आहे. तोफेवर हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९ हे साल आहे आणि ओतणाऱ्याचे नावही आहे: मुहम्मद बिन हसन रूमी. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहासाठी ती ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात आली आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे सांगतात. तिची जोडीदार 'कडक बिजली' वाटेत नदीत बुडाली, अशीही कथा आहे. ती कृष्णेत बुडाली असे बरेच जण लिहितात. पण परंड्याहून विजापूरला जाताना भीमा लागते, कृष्णा विजापूरच्या दक्षिणेला आहे. कथा लिहिणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडायला हरकत नव्हती.

आता प्रश्न असा की, समुद्रापासून अडीचशे किलोमीटर आत असलेल्या या कोरड्या मुलखात एवढी अगडबंब तोफ हवी कशाला? आणि ती ओतायला 'रूमी', म्हणजे तुर्की उस्मानी मुलखातला माणूस का?

त्याचे उत्तर किनाऱ्यावर आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, एवढे आपल्या पाठ्यपुस्तकात असते. त्यानंतरची दहा-बारा वर्षे मात्र आपण एका उडीत ओलांडतो. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. सूडाला निघालेल्या बापाने वाटेत आदिलशाहीचे दाभोळ बंदर जाळले आणि १५०९ मध्ये दीवच्या लढाईत शत्रूचे आरमार मोडून काढले. १५१० मध्ये आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला. १५२१ मध्ये निजामशाहाच्या परवानगीने चौलला त्यांचा कोट उभा राहिला.

ही माणसे होती किती? जेमतेम काही हजार. म्हणून घाट चढून वर येण्याचा विचार त्यांनी केला नाही. त्यांना जमीन नको होती, वाट हवी होती. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा, त्यांच्या बंदरात जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज जप्त. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे आणि त्यावर येशू-मेरीचे चित्र असे, म्हणून अकबराच्या दरबारातल्या उलेमांनी हजला जाऊच नये असे मत दिले होते. अरबी घोड्यांचा व्यापारही गोव्याच्या हातात गेला. दख्खनची सारी लढाई घोड्यावर चालायची. म्हणजे नळदुर्ग-परंड्याच्या पागेत उभ्या राहणाऱ्या घोड्याची किंमत कुठे तरी मांडवीच्या तीरावर ठरू लागली होती. वसाहतवाद म्हटले की आपल्याला कलेक्टर आणि कचेरी आठवते. त्याचा पहिला अवतार हा असा होता: टोलनाका, तोही समुद्रात.

हा टोलनाका तोफांच्या जोरावर चालायचा. दख्खनी सुलतानांनी त्याला उत्तर दिले ते तोफांनीच. तुर्कांना पोर्तुगीजांशी लढायचा अनुभव होता, म्हणून रूमी कारागिरांना दख्खनमध्ये मान होता. पण एकट्या तुर्कांचे नाव घेऊन भागत नाही. १५२० च्या रायचूरच्या वेढ्यात कृष्णदेवरायाच्या बाजूने क्रिस्तोव्हाँ द फिगेरेदो हा पोर्तुगीज आपले बंदुकधारी घेऊन लढला आणि तटावरच्या आदिलशाही सैनिकांना त्याने टिपले. गोवा जिंकल्यावर आल्बुकर्कने इथल्या कारागिरांच्या बंदुका नमुना म्हणून आपल्या राजाकडे पाठवल्या. त्या युरोपातल्या उत्तम बंदुकांच्या तोडीच्या आहेत, असे त्याचे मत होते. रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे. पोर्तुगीज जहाजांच्या कठड्यावर खुंटीभोवती फिरणाऱ्या लहान तोफा असत. दख्खनी लोहारांनी ती खुंटीची युक्ती उचलली, पण लोखंडी पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून लांबलचक तोफा केल्या आणि त्या उंच बुरुजावर चारी दिशांना फिरतील अशा बसवल्या. विजापूरचा उपळी बुरूज १५८४ चा. आपल्या नळदुर्गातही उपळी बुरूज आहे आणि त्यावर हत्ती तोफ व मगर तोफ आहेत. पर्यटक पाणीमहालाचे फोटो काढतात, उपळीवर चढून वारा खातात. पायाखालच्या दगडी बैठकीकडे कुणी बघत नाही. जहाजावरची एक युक्ती घाट चढून बालाघाटच्या डोंगरात कशी आली, ते त्या बैठकीवर दिसते.

एवढी तयारी करून १५७० च्या अखेरीस आदिलशहाने गोव्याला आणि निजामशाहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. कालिकतचा सामुरीही त्यांच्याबरोबर होता. महिनोन्‌महिने वेढे चालले आणि दोन्ही फसले. फिरिश्ता लिहितो की, निजामशाही सरदार फितूर झाले आणि पोर्तुगीजांनी त्यांना पोचवलेल्या लाचेत दारू होती. फिरिश्ता विजापूर दरबारात बसून लिहीत होता, तेव्हा शेजाऱ्याच्या अपयशाला थोडी फोडणी दिली असेल. पण दोन सुलतानांची एकत्र चढाई फसली, हे खरे.

पोर्तुगीज म्हटले की मराठी माणसाला वसई आठवते. १७३९, चिमाजी अप्पा, भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराला टांगलेल्या चर्चच्या घंटा. मग थेट १९६१ चा गोवामुक्ती लढा. १५७१ चा वेढा कुणालाच आठवत नाही, कारण तो 'आपला' कुणी लढला नाही असे आपण धरून चालतो. इथे माझी पंचाईत होते. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात. आदिलशाही म्हटले की इथे अफझलखान आठवतो आणि त्याने भवानीच्या ठाण्याला दिलेला उपद्रव आठवतो. ती आठवण खोटी आहे असे मी म्हणणार नाही, आणि तिच्यावर पांघरूणही घालणार नाही. पण त्याच्या शंभर वर्षे आधी गोव्यात पोर्तुगीज देवळे पाडू लागले, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये रातोरात नदी ओलांडून प्रियोळला नेला गेला. प्रियोळ कुणाच्या राज्यात होते? आदिलशहाच्या. फोंड्याच्या आजूबाजूची आज गजबजलेली किती तरी देवळे अशीच त्या राज्याच्या आश्रयाला आलेली आहेत. एकाच सत्तेची ही दोन टोके एका वाक्यात कशी बसवायची, ते मला अजून जमलेले नाही.

भवानी तलवारीचेही तसेच. कॅलेंडरवरच्या चित्रात देवी महाराजांना तलवार देते. ती श्रद्धा आहे, तिच्याशी माझा वाद नाही. पण शिवकाळात 'फिरंग' नावाची सरळ, लांब पात्याची तलवार मानाची समजली जाई आणि तिचे पाते बहुधा युरोपातून, फिरंग्यांकडून आलेले असे. नावातच तसे आहे. मूठ इथली, पाते तिकडचे. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, तेव्हा कोल्हापूर दरबाराकडून त्याला 'जगदंबा' तलवार भेट गेली. ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती परत आणावी अशी मागणी होते, २०२४ मध्ये लंडनहून वाघनखे काही काळासाठी साताऱ्यात आली तेव्हा ती आणखी जोरात झाली. मीही साताऱ्याला जाऊन रांगेत उभा राहिलो. पण परत येताना मनात आले की, तिकडे गेलेले मागताना तिकडून आलेल्याची मोजदाद आपण कधी करणार?

ती मोजदाद माझ्या दुकानातच पडली आहे, हे कळायला मला वीस वर्षे लागली. घमेले हा पोर्तुगीज शब्द. बादली, पिंप, चावी, बिजागरी, सगळे पोर्तुगीज. ते विकत घ्यायला येतो तो मेस्त्री, आणि मेस्त्री ज्याची वाट बघतो तो पगार, हेही पोर्तुगीज. काडतूस आणि तुरुंग तर येणारच. सिमेंटच्या पोत्यावर बसून एका मेस्त्रीला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "शेठ, मग घमेल्याचे दर गोव्यात कमी असतील का?"

बाजारात गेलो तरी तेच. मिरची, बटाटा, मका, पेरू, तंबाखू ही सगळी अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे आली आणि फार झपाट्याने आत शिरली. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा बादशहाला दाखवायला त्याने नवलाची वस्तू म्हणून तंबाखू नेला होता. हा लेख तुमच्या हातात पडेल तेव्हा आमच्या बालाघाटात सीताफळे पिकलेली असतील. डोंगराकडेच्या बायका पाट्या घेऊन रस्त्याला बसतील. सीताफळही तिकडचेच, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आपण त्याला सीतेचे नाव दिले, त्याच्या भावंडाला रामाचे, आणि ते वनवासापासून इथे आहे अशी समजूत करून घेतली.

तोफेची कथा थोडी राहिली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि मुलुखमैदानवर आपलाही लेख कोरवला. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, त्याबरोबर विजापूर त्यांच्याकडे आले. १८५४ मध्ये जुने सामान म्हणून तोफ लिलावात निघाली. लिलाव हाही शब्द पोर्तुगीजच. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. साताऱ्याच्या असिस्टंट कमिशनरला ती रक्कम इतकी क्षुल्लक वाटली आणि तोफेचे मोल इतके मोठे, की त्याने विक्री रद्द केली. नाही तर ती वितळून तिची भांडी झाली असती, आणि त्यातले एखादे घमेले आमच्या दुकानातही आले असते.

त्याच्या आधीच्या वर्षी, १८५३ मध्ये, निजामाच्या कर्जापोटी नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे आला होता आणि कारभारी म्हणून मेडोज टेलर तिथे राहत होता. त्याच्या 'तारा' कादंबरीत तुळजापूर आहे, 'अ नोबल क्वीन'मध्ये चांदबिबी, नळदुर्ग आणि चक्क पोर्तुगीज पात्रेही आहेत. आपल्या जिल्ह्याची सोळाव्या शतकातली आठवण एका इंग्रज अधिकाऱ्याने कादंबरीत लिहून ठेवावी, याचा मला आधी राग यायचा. आता येत नाही. दुसऱ्या कुणी लिहिली असती तर तीही वाचली असती.

गेल्या वर्षी विजापूरला जाऊन आलो. मुलुखमैदान उन्हातही गार लागते आणि टिचकी मारली की घंटेसारखी वाजते, असे ऐकून होतो. दुपारी दोनला हात लावून पाहिला. चांगलीच तापली होती. शेजारी एक बाई लेकराला कडेवर घेऊन तोफेला हात लावून कपाळाला लावत होती. मी तिला सांगितले, "ही आमच्या परंड्याची." ती म्हणाली, "हो का? मग तुम्हीपण हात जोडा की."

त्या पोराची शाळा बार्शी रस्त्यावर आहे. तो आता दहावीत असेल. हा अंक मी तिथे देणार आहे.