‘ट्राय’ म्हणजे निवडणं

परवा दुपारी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते, तेवढ्यात माझी एक विद्यार्थिनी आली. (मी शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते.) हातात सहामाहीचा पेपर, शंभरापैकी 27. डोळे भरलेले. म्हणाली, “बाई, ट्राय तर खूप केलं हो!”

“अजून ट्राय कर,” हे अगदी ओठांवर आलं होतं. पण हाच शेरा मी तिच्या प्रगतिपुस्तकात दोनदा लिहिला होता आणि पोरीनं तो इमानेइतबारे पाळलाही होता. अख्खं पुस्तक वहीत उतरवून काढलं होतं!

ती गेल्यावर शब्दकोश उघडला. बी.ए. होऊनही हा एवढासा शब्द मी कधी उघडून पाहिला नव्हता. आणि काय सांगू, पुन्हा ताटातल्या तांदळांपाशीच आले! ‘ट्राय’ मूळचा फ्रेंच. अर्थ निवडणं, वेगळं काढणं. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग तिथल्या कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच आली. खरं-खोटं निवडणं म्हणजेच खटला, म्हणून ‘ट्रायल’. आपण शिंप्याकडे ब्लाऊजची ‘ट्रायल’ घेतो, तीही पारखच की! इस्पितळात कुणाला आधी तपासायचं हे ठरवतात, त्या ‘ट्रायाज’चं मूळही हेच. इतकंच नव्हे, चरबी कढवून तेल वेगळं काढण्यालाही इंग्रजीत ‘ट्राय’ म्हणत. देवमासे पकडणाऱ्या जहाजांवर त्यासाठी खास भट्ट्या असत. आपण लोणी कढवून बेरी बाजूला काढतो ना, तसंच. पारखून बघण्यावरून ‘करून बघणं’, नि मग ‘प्रयत्न करणं’ हा अर्थ आला.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. पेपर घेऊन दोघी बसलो, एकेक चूक वेगळी काढली. बरेचसे मार्क एकाच जागी गेलेले: ‘डिड’च्या पुढे ‘गो’ऐवजी ‘वेंट’, ‘सी’ऐवजी ‘सॉ’. स्पेलिंगं मात्र माझ्या चिरंजीवांपेक्षा बरी! “म्हणजे मला सगळंच येत नाही असं नाही?” तिनं विचारलं. मला काही बोलवेना.

आता दर शनिवारी ती तेवढीच वाक्यं घेऊन येते. वार्षिक परीक्षेला अजून अवकाश आहे. पण प्रगतिपुस्तकात ‘ट्राय हार्डर’च्या जागी काय लिहावं, हे काही मला सुचलेलं नाही. तुम्हीच कळवा ना!