फोनमधल्या फाईल्स संगणकात, तेही इंटरनेटशिवाय



उपक्रमांचे फोटो, मुलांच्या वाचनाचे व्हिडिओ, गुणांचे तक्ते हे सगळं आधी आपल्या फोनमध्ये जमा होतं. अहवाल मात्र संगणकावर करायचा असतो. मग आपण स्वतःलाच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. त्यात डेटा जातो, फोटोचा दर्जा कमी होतो आणि रेंज नसेल तर काम अडतं.

दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर असतील तर इंटरनेट लागतच नाही. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे, हे आधी लक्षात घ्या. टेंभुर्णीत एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला पुणे-सोलापूर हायवेवर चढावं लागत नाही, तसंच हे.

१. केबल : चार्जिंगची केबल संगणकाला जोडा. फोनवर येणाऱ्या सूचनेत ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा. केबल फक्त चार्जिंगपुरती असेल तर फोन संगणकात दिसणार नाही. दुसरी केबल लावून बघा.

२. हॉटस्पॉट : मोबाईल डेटा बंद ठेवून हॉटस्पॉट चालू करा (बहुतेक फोनवर तो चालू होतो) आणि संगणक त्याला जोडा. दोन्हीकडे ‘लोकलसेंड’ हे मोफत ॲप उघडा. समोरचं यंत्र दिसलं की फाईल निवडा, पाठवा. ॲप मात्र नेट असताना एकदाच उतरवून ठेवा.

३. सिंक : रोज रोज पाठवायचा कंटाळा येत असेल तर ‘सिंकथिंग’ बघा. ही प्रणाली २०१३ पासून मोफत उपलब्ध आहे. फोनमधलं एक फोल्डर संगणकातल्या फोल्डरशी एकदा जोडायचं. दोन्ही यंत्रं एका वायफायवर आली की नवीन फाईल्स आपोआप पोहोचतात. फोनसाठीचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे ‘सिंकथिंग-फोर्क’ शोधावं लागतं.

इथे सावध राहा : सिंक म्हणजे बॅकअप नव्हे! दोन्ही फोल्डर सारखे ठेवणं एवढंच त्याचं काम. जागा करायला फोनमधून फोटो पुसले की संगणकातलेही पुसले जातात. म्हणून संगणकावरच्या सिंकथिंगमध्ये ‘फाईल व्हर्जनिंग’ चालू करा. पुसलेली फाईल तिथे बाजूला राहते. शिवाय महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी काढाच.

पालकांसाठी यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अशा पद्धतीने मुलांचे फोटो कुठल्याही ग्रुपवर न जाता थेट संगणकात जातात. पण फोनचा आपोआप क्लाउड बॅकअप चालू असेल तर नेट येताच ते वर जातील, तेवढं सेटिंगमध्ये तपासा.

आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी ओळखले जातात. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. पण कोड स्कॅन केल्यावर व्हिडिओ बघायला पुन्हा नेट लागतं. आपण स्वतः केलेले पाठाचे व्हिडिओ असे वर्गातल्या संगणकात आधीच आणून ठेवले, तर रेंज गेली म्हणून तास थांबत नाही.

पहिल्यांदा दोन-चार बिनमहत्त्वाच्या फाईल्सवर करून बघा. त्या संगणकात नीट उघडल्या की मगच फोनमधून काही पुसा.