परसातील पाहुणे

मृगाचा पाऊस पडून गेला, की आठ-दहा दिवसांत उघड्या जमिनीवर हिरवे कोंब दिसू लागतात. ते कोणी पेरलेले नसतात. कुंपणाच्या कडेला टाकळा उगवतो, दगडाच्या आडोशाने तेरडा वर येतो, वाटेच्या कडेला एकदांडी पसरते. आपण या साऱ्यांना 'तण' असे एकच नाव देतो आणि सुट्टीचा दिवस पाहून खुरप्याने उपटून टाकतो. त्या मोकळ्या जागेत विकत आणलेले गुलाब लावतो, आणि पुढे एके दिवशी नवल करतो, "बागेत फुले तर पुष्कळ आहेत, मग फुलपाखरे का बरे येत नाहीत?"

मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर फुलांत नाही, पानांत आहे.

फुलपाखरू फुलातील मधुरस पिते, हे आपण जाणतोच. पण त्याचा जन्म फुलावर होत नाही, पानावर होतो. मादी फुलपाखरू या पानावरून त्या पानावर उडत जाते, क्षणभर टेकते आणि पुन्हा उडते. ती पायांनी पानाची चव घेत असते! ज्या पानावर आपले पिल्लू जगेल, नेमक्या त्याच पानावर ती अंडे घालते. प्रत्येक जातीची झाडे ठरलेली असतात. रुईची पाने खाणाऱ्या अळीला गुलाबाचे पान देऊन भागत नाही. टाकळ्यावर लहान पिवळी फुलपाखरे अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ साली 'राज्य फुलपाखरू' म्हणून ज्याचा गौरव केला, ते निळ्या-काळ्या पंखांचे 'राणी पाकोळी' हे मोठे फुलपाखरू लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते.

कढीलिंबही त्याच कुळातला. पावसाळ्यात त्याचे एखादे रोप नीट निरखून पाहा. कोवळ्या पानावर मोहरीएवढे फिकट पिवळे अंडे दिसेल. तीन-चार दिवसांनी त्यातून लहानशी अळी बाहेर येते. ती तपकिरी असून तिच्यावर पांढरा डाग असतो. त्यामुळे पानावर पाखराची विष्ठाच पडली आहे असे वाटते. पक्षीही फसतात आणि अळी वाचते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीने हळूच डिवचले, तर डोक्यामागून तांबूस रंगाची दुबेळकी शिंगे बाहेर काढून ती उग्र वास सोडते. पुढे ती रेशमी धाग्याने स्वतःला काटकीशी बांधून घेते आणि तिचा कोश होतो. साधारण महिनाभरात हे सारे पूर्ण होते आणि एके सकाळी कोश फोडून ओल्या, चुरगळलेल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येते.

मात्र मधल्या काळात कढीलिंबाची पाने कुरतडली जातात. घरची माणसे म्हणतात, "रोपाला कीड लागली, औषध फवारा!" येथेच आपली कसोटी असते. ज्या हाताने आपण अळी चिरडतो, त्याच हाताने आपण फुलपाखरू मारलेले असते. म्हणून कढीलिंबाची दोन रोपे लावावीत: एक आमटीसाठी, दुसरे अळ्यांसाठी.

सर्वच अळ्यांची फुलपाखरे होतील असे मात्र समजू नका. शिंपी पक्षी येईल आणि काही अळ्या आपल्या पिलांसाठी घेऊन जाईल. धान्य टिपणारी चिमणीदेखील आपल्या पिलांना कीटकच भरवते. अळी नाही, तर पिल्लू नाही. पिल्लू नाही, तर पहाटेची किलबिलही नाही.

आता फुलांविषयी पाहू. दाट पाकळ्यांच्या गुलाबात पुष्कळसे पुंकेसर पाकळ्यांत रूपांतरित झालेले असतात. तो दिसतो सुंदर. पण मधमाशीला त्यात परागकण फारसे मिळत नाहीत. याउलट रानातला साधा तेरडा पाहा. त्याच्या फुलामागे शेपटीसारखी बारीक नळी असते आणि तीत मधुरस साठलेला असतो. एकदांडी मूळची अमेरिकेतली. पण तिच्या इवल्या फुलांवरही लहान फुलपाखरे दिवसभर बसतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात, तर अडुळशाच्या फुलांवर लांब, बाकदार चोचीचा शिंजीर येतो.

अशी बाग करणे अवघड नाही. पाच-सहा तास ऊन मिळेल असा एक कोपरा निवडा. परस नसेल, तर गॅलरीतले दोन-चार जुने डबे चालतील. त्यांच्या तळाला भोके मात्र पाडा. शेताच्या बांधावर तेरड्याची बोंडे पिकली, की ती हलकेच मुठीत धरा. बोट लागताच बोंड फुटते आणि बिया उडतात! काही बिया तेथेच राहू द्या. उरलेल्या वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुढच्या वर्षी मृगापूर्वी पेरा. डोंगरावरची रोपे मात्र मुळासकट उपटून आणू नका. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झाले, ते तेथील रानफुले तेथेच नांदतात म्हणून.

रानातले सगळेच जवळ करावे असेही नाही. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, ते मोठ्यांच्या मदतीने काढून टाकावे. घाणेरीवर फुलपाखरे बसतात खरी. पण ती दाट माजून इतर झाडांची जागा घेते. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून तिला हात लावू नका.

बागेत कीटकनाशक फवारू नका. उथळ परळात खडे घालून पाणी ठेवा, म्हणजे मधमाशी न बुडता पाणी पिईल. डास होऊ नयेत म्हणून ते पाणी एक दिवसाआड बदला. थोडी जमीन उघडी राहू द्या. काही मधमाश्या मोहोळ न बांधता जमिनीतच बीळ करून राहतात. दिवाळीनंतर वाळलेले गवत लगेच जाळू नका. त्याचे बी टिपायला मुनिया येतात आणि पालापाचोळ्याखाली बेडूक व सापसुरळी आसरा घेतात.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण त्या तीन दिवसांत त्या फुलाकडे कितीजण येऊन जेवून जातात, ते या पावसाळ्यात मोजून पाहा. एका घराचा कोपरा तो केवढा! तरी आळीतील दहा घरांनी असा एकेक कोपरा राखला, तर पाखरांना एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाता येईल. तेव्हा खुरपे हाती घेण्यापूर्वी क्षणभर थांबा, खाली वाका आणि पानाची मागची बाजू उलटून पाहा. कदाचित तेथे कोणी पाहुणा आधीच येऊन राहिला असेल.