पिठले कोणी करायचे?

दसरा उलटला, की शिरूर कासार तालुक्यातील गावागावांतून एक निराळीच लगबग सुरू होते. ट्रक आणि ट्रॅक्टर वेशीपाशी येऊन उभे राहतात. त्यांत भांडीकुंडी, पांघरुणे, शेळ्या-कोंबड्या, बाजरीच्या गोण्या आणि माणसे चढतात. सिंदफणेच्या काठचा आणि बालाघाटाच्या उतारावरचा हा कोरडवाहू मुलूख पुढचे पाच महिने अर्धा रिकामा होतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. या स्थलांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहावे लागेल. मला आज त्याच्या एका अगदी लहान अंगाविषयी लिहावयाचे आहे. कोयता गेल्यावर मागे राहिलेल्या घरात संध्याकाळी पिठले कोण करते?

हा प्रश्न मला सुचला नाही. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळच्या पहिल्या तासाला द्वितीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर सतत उशिरा येऊ लागली. एक दिवस मी तिला दारातच थांबवून म्हणालो, "बाई, अर्थशास्त्रात वेळेलाही किंमत असते." वर्ग हसला. मुलगी खाली मान घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पुढे एका सहकाऱ्याकडून कळले, की तिचे आईवडील कारखान्यावर गेले आहेत. घरी आजी आहे, तिला नीट दिसत नाही. आणि दोन धाकटे भाऊ आहेत, त्यांतला एक बारावीत शिकतो. चौघांच्या भाकरी थापून, पाणी भरून मग ती एस. टी. पकडते. वेळेची किंमत तिला माझ्याहून अधिक चांगली ठाऊक होती.

तो बारावीतला भाऊ ट्रॅक्टर चालवतो, मोटारसायकल खोलून पुन्हा जोडतो. त्याला पिठले येत नाही. येत नाही याचे कारण ते अवघड आहे हे नव्हे. त्याला ते कोणी कधी शिकवले नाही, आणि करण्यास सांगितलेही नाही.

साध्या अन्नातील शहाणपण

ज्या पदार्थांविषयी मी बोलत आहे ते आपल्या मराठवाड्यात प्रत्येकाच्या जिभेवर आहेत. दमून घरी आल्यावर, ताप उतरल्यावर, परगावाहून परतल्यावर माणसाला पक्वान्न आठवत नाही. आठवते ते गरम पिठले, हुलग्याचे शेंगोळे, येसराची आमटी, ताकातल्या कण्या, दह्याबरोबरचे धपाटे. या अन्नाने जीव निवतो. आणि आश्चर्य असे, की यातील बहुतेक पदार्थांना अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

पिठल्याचेच पाहा. तेलात मोहरी-जिरे तडतडले, की ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि चिरलेला कांदा परतावा, हळद घालावी. एक वाटी हरभऱ्याच्या पिठाला तीन वाट्या पाणी हे साधारण प्रमाण. पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घेतले तर गुठळी होत नाही; उरलेल्या पाण्याला फोडणीत उकळी आली की कालवलेले पीठ एका हाताने ओतावे आणि दुसऱ्या हाताने ढवळावे. मीठ घालून, झाकण ठेवून दोन-चार वाफा आणल्या, की पिठले झाले. शिकाऊ माणसाने हा पदार्थ तीनदा केला तर चौथ्या वेळी तो कोणाला विचारणार नाही.

शेंगोळ्यांना थोडा अधिक धीर लागतो. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचे पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचे वाटण, हळद, मीठ घालून घट्ट मळायचे; तळहातांवर वळून बोटभर जाडीच्या वळ्या करायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. परातीला लागलेले पीठ धुऊन तेच पाणी रश्श्यात टाकले, की रस्सा दाट होतो. काही वाया जात नाही. हुलगा हलक्या, मुरमाड रानातही येतो. अवर्षणाच्या मुलखाने आपल्या पिकाला शोधलेली ही पाककृती आहे.

कण्यांना तर कौशल्यच लागत नाही. ज्वारी जाडसर भरडावी, भिजत घालावी, मिठाच्या पाण्यात मऊ शिजवावी आणि ताक घालून खावी. आजारी माणसालाही त्या चालतात.

खरी परीक्षा भाकरीची. गव्हाच्या पिठात पाणी पडले, की त्यातील प्रथिनांचा चिकट, ताणला जाणारा गोळा बनतो. म्हणून पोळी लाटता येते. ज्वारी-बाजरीत हे प्रथिन नाही. म्हणून उकळते पाणी घालून पिठातील पिष्टालाच चिकटपणा आणावा लागतो, तळहाताने रगडून मळावे लागते आणि हलक्या हाताने थापावे लागते. पीठ जुने झाले तर भाकरी कडेने चिरते. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवावयाचे, ते सुकत आले की उलटायची आणि शेवटी जाळावर शेकायची. ती टम्म फुगली म्हणजे आतल्या पाण्याची वाफ झाली आणि पापुद्रा सुटला. आमच्या आया-आज्यांनी हे शास्त्र कोणत्याही प्रयोगशाळेवाचून हाताला शिकविले.

आहारशास्त्राचे म्हणणेही या ताटाच्या बाजूने आहे. तृणधान्यांच्या प्रथिनात जे आवश्यक घटक कमी असतात ते डाळींत पुरेसे असतात, आणि डाळींतील उणीव तृणधान्ये भरून काढतात. भाकरीबरोबर पिठले किंवा हुलगा खाणाऱ्याने हा मेळ नकळत साधलेला असतो. वर कांदा, ठेचा, शेंगदाणे असले म्हणजे हे ताट गरिबीचे असले तरी दरिद्री नाही.

हिशेबाच्या दोन बाजू

परंतु या ताटाचे गुणगान करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पोटभर खाणाऱ्याने साध्या अन्नाची महती गाणे सोपे असते. माझ्या आजीला भाकरीचे कौतुक नव्हते. भाकरी नसल्याची भीती होती. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ती सांगे, त्यांत रेशनवर आलेला परदेशी लाल मिलो होता आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी होती. साधेपणाला पर्यायच नसतो तेव्हा त्याला साधेपणा म्हणत नाहीत.

आणि आजचा पर्याय कोणता आहे? ज्वारी-बाजरी हे गरिबाचे धान्य, ही आपली जुनी समजूत आता हिशेबात टिकत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाली. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामात गव्हाची २,४२५ रुपये होती. या भावाने शंभर ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पावणेचार रुपयांची ज्वारी जाते. तेवढाच गहू अडीच रुपयांच्या आत येतो. शिवाय २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, आणि ते बव्हंशी गहू आणि तांदूळ असते. कायद्यात भरड धान्याचा उल्लेख आहे, पण रेशनच्या दुकानातील पोत्यांत ते क्वचितच दिसते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ज्वारीची काढणी, मोडणी, राखण यांना मजूर लागतात. सोयाबीन आणि कापूस रोख पैसा देतात. ज्वारी मागे पडली ती काही लोकांची चव बिघडली म्हणून नव्हे. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्यानिमित्त शहरांतून महोत्सव भरले. ज्वारीच्या बिस्किटांना नवा ग्राहक मिळाला. ज्यांच्या ताटातून ज्वारी उठली त्यांच्या ताटात ती परत वाढण्याचा मार्ग मात्र रेशनच्या दुकानातूनच जातो.

दुसरी बाजू आणखी बोलकी आहे. कुटुंबाचे उत्पन्न वाढले की खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली मांडलेला नियम आमचे विद्यार्थी पाठ करतात. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग-खर्च पाहणीत ग्रामीण भारतात अन्नावरील खर्चाचा वाटा सुमारे ४६ टक्क्यांवर आला, म्हणजे नियम खरा ठरला. परंतु त्यातले तपशील पाहावेत. तृणधान्यांवर सुमारे ५ टक्के, तर पेये, फराळ आणि तयार खाद्यपदार्थ यांवर साडेनऊ टक्क्यांहून अधिक. धान्याचा आकडा लहान दिसतो त्यास मोफत धान्य हेही एक कारण आहे, हे मान्य. तरीही खेड्यातील कुटुंब धान्याच्या जवळजवळ दुप्पट पैसा चहा, बिस्किटे, कुरकुरे, हॉटेलातले वडे यांवर घालवते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कोयत्यावर गेलेल्या आईबापांच्या मुलांच्या डब्यात जेव्हा भाकरीऐवजी पाच रुपयांचा पुडा दिसतो, तेव्हा त्यामागे चैन नसते. करून वाढणारे माणूस घरात नसते.

राष्ट्रीय उत्पन्नाबाहेरची भाकरी

प्रा. पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक उदाहरण दिले होते: एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच, हात तेच. फक्त वेतन थांबले म्हणून ते मोजणीतून गळाले. शंभर वर्षांनंतरही ही त्रुटी कायम आहे. हॉटेलात थापलेली भाकरी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते, माझ्या विद्यार्थिनीने पहाटे थापलेली नाही. २०१९ च्या राष्ट्रीय काळ-विनियोग पाहणीने मात्र ती थोडी मोजली. घरातील बिनमोल कामांत गुंतलेल्या स्त्रियांचे तेव्हा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे या कामांत जात होते. असे काम करणाऱ्या पुरुषांचे ९७. आणि असे पुरुष मुळात थोडे.

ही तफावत कायदा करून मिटणारी नाही. राज्य शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. ती स्वागतार्हच आहे आणि तिचा विस्तार वेगाने व्हावयास हवा. परंतु प्रत्येक मूल वसतिगृहात जाणार नाही. आजी-आजोबांना सोडून जाणे प्रत्येक घराला शक्य नाही. जे घरीच राहणार त्यांच्यापैकी भाकरीचा भार मुलीनेच का उचलावा, याला माझ्यापाशी उत्तर नाही. 'रीत आहे' हे उत्तर नव्हे. माझ्या पिढीचीही तीच रीत होती. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी त्या वेळच्या औरंगाबादेत खोली घेऊन राहिलो, तेव्हा खानावळ बंद असली की मी केळी खाऊन निजत असे. दोन पदव्या पदरी असलेल्या माणसाला एक वाटी पीठ शिजवता येत नव्हते, आणि याची मला लाजही वाटली नव्हती. भाकरी मी चाळिशीनंतर शिकलो. अजूनही ती गोल होत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला कार्यानुभवाच्या तासाला चार पदार्थ यावेत: पिठले, खिचडी, कण्या आणि भाकरी. यासाठी नवा अभ्यासक्रम नको, नवी समिती तर मुळीच नको. एक चूल किंवा शेगडी, एक पातेले, एक तवा आणि गावातल्या एखाद्या जाणत्या बाईंचा सन्मानाने, मानधन देऊन घेतलेला तास पुरे. आपल्या हाताने शिजवून खाऊ शकणारा मुलगा उद्या पुण्याला शिकावयास किंवा नोकरीस गेला तर खानावळीच्या दयेवर राहणार नाही; आणि त्याची बहीण तासाला वेळेवर येईल.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही हा प्रयोग करून पाहिला. स्वयंपाक मुलांनी करावयाचा आणि बांधाचे काम मुलींनीही बरोबरीने करावयाचे, असे ठरविले. पहिल्या दिवशीच्या पिठल्यात बोराएवढ्या गुठळ्या होत्या आणि भाकऱ्यांचे आकार नकाशात शोभावेत असे होते. दोघा-तिघांच्या पालकांनी येऊन नाराजीही व्यक्त केली. पाचव्या दिवशी मात्र पातेले पुसून घेतलेले आढळले.

ती विद्यार्थिनी आता शेवटच्या वर्षाला आहे. हंगाम सुरू झाला, की अजूनही तिला आठवड्यातून दोन-तीन दिवस उशीर होतो. तिच्या वर्गाची हजेरी मी तासाच्या अखेरीस घेतो. हा उपाय नव्हे, एवढे मला कळते. उपाय तिच्या घरच्या चुलीपाशी आहे, आणि तिथे तिचा भाऊ अजून बसलेला नाही.